एतेमचं पातं

पातं कसलं, नखाएवढं लोखंड — अंबूच्या, म्हणजे आईच्या, बोटांनी गुळगुळीत झालेल्या लाकडात बसवलेलं. लोंब्या खुडायचं एतेम. वियार्सिहनं ते तळहातात धरलं खरं, पण बोटं कशी मिटायची तेच आठवेना. चौदा वर्षं झाली… चौदा कापण्या.

"अगं, झाक ते!" इचिह मावशी बांधावरून ओरडली. "न्यी श्री बिचकेल ना! शाळेत पोरांना छडी दाखवतेस तशी काय दाखवतेस भाताला?"

बायका हसल्या. वियार्सिहनं बोटं मिटली. न्यी श्री म्हणजे भाताची देवी, भातातच राहणारी; म्हणून पातं भाताला दिसता कामा नये, लोंबी एकेक करून, लाड करत खुडायची — हे अंबूनंच शिकवलेलं. आणि पहिल्या सात लोंब्या घरच्या बाईनंच खुडायच्या, आपण कोण ते सांगून. घरची बाई आता हीच. अंबू पावसाळ्यात गेली.

ओळखपत्रावर अंबूच्या धर्माच्या रकान्यात नुसती रेघ होती. सुंदा लोकांचा जुना धर्म सरकारी यादीत नाही, म्हणून रेघ. शाळेत पोरं चिडवायची, ही रडत घरी यायची, आणि अंबू म्हणायची, "रेघ तर रेघ. सरळ आहे ना?" पुढे सरकारी नोकरीचा अर्ज आला. त्यावर रेघ चालेना. हिनं गुपचूप दुसरा धर्म लिहून नवं ओळखपत्र काढलं, नोकरी लागली, आणि अंबूला मात्र सांगितलं — काही नाही गं, पत्ता बदललाय. त्यानंतर दरवर्षी कापणीला शाळेचं कारण. कोणत्या तोंडानं न्यी श्रीसमोर उभी राहणार होती? गेल्या वर्षी अंगात ताप असताना अंबूनंच सात लोंब्या खुडल्या. हे हिला नंतर कळलं. नंतरच कळतं मेलं सगळं.

आज सकाळी अबांनी, वडिलांनी, भाताच्या कोठारातून एतेम काढून हातावर ठेवलं, कागदात गुंडाळलेलं.

"तुझ्या आईनं ठेवलंय. म्हणाली होती, वियार्सिह येईल तेव्हा दे."

तिनं कागद उलगडला. तिच्याच नव्या ओळखपत्राची झेरॉक्स होती, घडीवर पिवळी पडलेली. अर्जाच्या गठ्ठ्यातून निसटून घरीच राहिली असणार. अंबूला वाचता फारसं येत नव्हतं, पण रेघ गेलेली तिला कळली नसेल? चौदा वर्षं कळत होतं… आणि एका शब्दानं नाही! बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते.

"सांग ना, कोण आलंय ते," आता शेतात तिच्यामागे उभे असलेले अबा हळूच म्हणाले. त्यांचं लक्ष चिरेमायच्या डोंगराकडे होतं, मुद्दाम.

ती वाकली. लोंबी ओली होती, जड होती. नाव ओठांवर आलं — हजेरीपटावरचं, कार्डावर त्या दुसऱ्या धर्माशेजारी छापलेलं — आणि तिथंच अडकलं. ते नाव इथं कसं सांगायचं?

"अंबूची…" एवढंच निघालं.

तिनं बोटं आणखी मिटली, पातं पार आत, इतकं की तळहाताला टोचलं. अंबू अशीच धरायची. सगळं माहीत असूनही अशीच, पोरीला दिसू न देता.

"बिचकू नकोस," ती पुटपुटली, आणि भाताला म्हणतेय की स्वतःला, ते तिला कळेना.