बुटकं कार्ड

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने माझ्या मशीनचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि परत लावलं.

"ताई, हा तर भंगारवालासुद्धा विचार करून घेईल."

"मी विकायला आणलाय का? गेम चालला पाहिजे यावर. कमीत कमी खर्चात."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

तो मिशीतल्या मिशीत हसला आणि माझं डोकं फिरलं. सत्तावन्न वर्षांच्या बाईने गेम खेळू नये असं कुठे लिहिलंय का, म्हटलं. मी तीस वर्षं छापखान्यात शाळेची पुस्तकं टाइप केली. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने हे मशीन मला देऊन टाकलं. त्यावर अक्षरं जुळवण्यापलीकडे कधी काही झालं नव्हतं. आता ट्रक चालवायचा होता.

ट्रकचं मला काडीचं कौतुक नाही. माझा धाकटा भाऊ दर रविवारी दुपारी चारला कॉम्प्युटरवर ट्रक चालवतो, हे मला भावजयीने सांगितलं होतं. ती महिन्यातून एकदा ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मला फोन करते. भावाला माहीत नाही. "ताई, सतरा-अठरा जण एकामागे एक ट्रक लावून जातात आणि हा सगळ्यांचा पुढारी," ती म्हणाली. "नाव काय घेतलंय तर 'हळू चला'. कोणीही सामील होऊ शकतं म्हणे." ती हसत होती. मी नाव आणि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली.

नऊ वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही. आई गेली तेव्हा तो एक दिवस उशिरा पोहोचला. बॅग खांद्यावर, दारात उभा. आणि मी चारचौघांत म्हणाले, "आता कशाला आलास? हिश्श्यासाठी?" माझ्या जिभेला हाड नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. पण तो उंबऱ्यावरूनच परत फिरला. नंतर मी माफी मागायला हवी होती. आधी राग होता म्हणून मागितली नाही, मग लाज वाटली म्हणून. बघता बघता नऊ वर्षं गेली. मला फक्त त्याचा आवाज ऐकायचा होता. बोलायचं नाही, समोर यायचं नाही, नुसतं त्याच्या मागून ट्रक चालवायचा आणि ऐकायचं.

दुरुस्तीवाला माणूस वाईट नव्हता. हसून झाल्यावर त्याने नीट समजावलं. मशीनची पेटी अरुंद, म्हणून ग्राफिक्स कार्ड बुटकंच बसणार. वीज पुरवणारा डबा अशक्त, म्हणून वेगळी वायर न मागणारं कार्ड हवं. जोडीला रॅमची आणखी एक पट्टी, आणि रखडत चालणाऱ्या जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी. सगळं वापरलेलं घेतलं. बसवायचे पैसे वाचवायला म्हटलं मीच बसवते. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून दोन दिवस खटपट केली. एका स्क्रूने जीव खाल्ला. पण मशीन सुरू झालं, आणि पूर्वी चहा होईपर्यंत उघडायचं ते चुटकीसरशी उघडलं. कोणाला तरी सांगावंसं वाटलं. घरात कोणी नव्हतं.

रविवारी चारला मी 'स्टेपनी' नाव घेऊन त्यांच्यात शिरले. माइक बंद ठेवला. कानाला हेडफोन लावला आणि तो बोलला. बोलायच्या आधी खाकरला, बाबा खाकरायचे तसा. "चला मंडळी, लाइट लावा. कोणी ओव्हरटेक करायचं नाही." मला पुढचं दिसेना.

मला दिसेना ते सोडा, मशीनलाही जमेना. चित्र एकेक पाऊल टाकत सरकत होतं. पहिल्याच पुलावर माझा ट्रक आडवा झाला आणि मागे रांग लागली. लोक हॉर्न मारायला लागले. मी मनातल्या मनात दुरुस्तीवाल्याचा उद्धार केला.

"थांबा सगळे," भाऊ म्हणाला. "नवीन माणूस आहे. स्टेपनी, कार्ड कुठलं आहे?"

मी टाइप करून सांगितलं.

"ते पुरेसं आहे की. मॉनिटरची वायर मागे कुठे लावलीय? जुन्याच जागी, वरती?"

वाकून पाहिलं. जुन्याच जागी होती. म्हणजे एवढा खटाटोप करून बसवलेलं कार्ड आत नुसतं बसून होतं. लिहिलं, हो.

"गेम बंद करा, वायर खाली कार्डाच्या पट्टीवर लावा आणि परत या. सावकाश. आम्ही थांबतो. मीही पहिल्यांदा हाच गाढवपणा केला होता."

मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसले, हातात वायर धरून, आणि रडले. अनोळखी माणसासाठी तो सतरा ट्रक थांबवून उभा होता.

परत आले तर रस्ता लख्ख दिसत होता. त्याने मला आपल्या मागेच घेतलं. तासभर त्याचे मागचे लाल दिवे बघत गेले. तो वळणं सांगत होता, कोणाची तरी थट्टा करत होता, मध्येच कोणाच्या तरी परीक्षेची चौकशी करत होता. नऊ वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मुक्कामाला पोहोचल्यावर तो म्हणाला, "स्टेपनी, छान चालवलंत. माइक असेल तर एकदा बोला की, म्हणजे पुढच्या वेळी सोपं पडेल. ऐकू येतंय का?"

गप्प बसायचं ठरलं होतं. काय झालं मला, कोण जाणे. बटण दाबलं आणि म्हणाले, "येतंय ऐकू."

मग खेळणाऱ्यांच्या यादीतून 'हळू चला' हे नाव गेलं. लाइट गेली असेल, कोणीतरी म्हणालं.

पुढच्या रविवारी तो आला नाही. बाकीचे साडेचारपर्यंत ताटकळले आणि एकेक करून निघून गेले. बुधवारी भावजयीचा फोन आला. "ताई, तुमच्या भावाचं ट्रकचं वेड सुटलं बघा. रविवारी नुसता गॅलरीत बसून होता. चहाही घेतला नाही." तिला काही माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. त्याचं घर मी एकदा तोडलंच होतं, आता ही एक दुपारही काढून घेतली.

गेममधल्या त्याच्या नावावर निरोप लिहिला. तीस वर्षं दुसऱ्यांचं टाइप केलं, पण एवढ्या चार ओळींना संध्याकाळ लागली. 'त्या दिवशी दारात बोलले ते चुकलं माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी इथे परत येणार नाही. तू चालव.' पाठवून गेम काढून टाकला. दुसऱ्या दिवशी कार्ड उपसून दुरुस्तीवाल्याला नेऊन दिलं, उगीच हात शिवशिवायला नकोत. "एवढ्यात कंटाळलात?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

उत्तर आलं की नाही, बघायची सोय मी ठेवलीच नव्हती. रविवारी सव्वाचार वाजले आणि राहवेना. भावजयीला घरी फोन करायचा नाही असं आमचं ठरलेलं, तरी केला. तिने दबक्या आवाजात उचलला.

"काय करतोय?"

"आत बसलाय, दार लावून. परत सुरू केलंय. देऊ का फोन? ताई, खरंच देऊ का?"

"नको," मी म्हटलं. "दाराजवळ धर फक्त."

ती चालत गेलेली ऐकू आली. मग खाकरणं, आणि दाराआडून त्याचा आवाज. पुढे उतार आहे, घाई करू नका, असं काहीतरी. सगळे शब्द लागत नव्हते. भावजयीचा हात अवघडला असेल, पण तिने बराच वेळ फोन खाली घेतला नाही.