खळी असलेली डबी

आई क्रीम करायची तेव्हा घरात बोलायला बंदी असे. मेण तेलात वितळलं, की कोमट गुलाबपाण्याची बारीक धार धरून ती घोटत राही, आणि पिवळट तेलाचं हळूहळू पांढरंशुभ्र, हलकं काहीतरी होत जाई. "बोललात तर फाटेल," असं ती दोघी मुलींना दटावायची. क्रीम बोलण्यानं फाटत नाही, घाईनं फाटतं, हे थोरलीला, ताईला, नोकरीला लागल्यावर कळलं. तरी आजही कारखान्यातल्या मोठ्या भांड्यापाशी गेली की तिचा आवाज आपोआप खाली येतो.

डबी भरली, की आई तर्जनीचं टोक मधोमध अलगद दाबून बघे. खळी उमटून तशीच राहिली तर क्रीम जमलं. मग त्या खळीसकट डबी ज्याची त्याला मिळायची, आणि खळी नसलेली डबी कुणी घ्यायलाच तयार नसे.

आई गेली तेव्हा दोनच डब्या उरल्या होत्या. छोटीनं आपली हा हा म्हणता संपवली. ती पहिल्यापासून तशीच, हातात आलं की उडवलं. ताईनं मात्र आपली फ्रिजमध्ये पार मागे सरकवून ठेवली. लावायची नाही. मधूनच झाकण उघडायची, आईच्या बोटाची खळी डोळे भरून बघायची आणि पुन्हा बंद करायची. शहाणं माणूसही वेड्यासारखं वागतं ते अशा जागी.

शहाणं म्हणायचं कारण, ताईचा धंदाच मुळी क्रीम टिकतं का ते बघण्याचा. कारखान्याच्या तपासणी-खोलीत ती नव्या क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडायची आणि त्यातलं प्रिझर्व्हेटिव्ह त्यांना मारतं की नाही ते बघायची. आपणच चोर घरात घ्यायचे आणि राखणदार जागा आहे का ते तपासायचं, असं ते काम. आणि त्याच बाईच्या फ्रिजमध्ये बिनराखणदाराची डबी वर्षभर बसून होती.

एका सकाळी छोटी लेकीला कडेवर घेऊन आली. पिटुकलीचे गाल कोरडे पडून खरखरीत, लाल झाले होते.

"ताई, आईची डबी दे. बाजारचं काही लावायचं नाही मला हिला. सगळ्यात केमिकल असतं."

"पाणीसुद्धा केमिकलच असतं, छोटे."

"नाकानं कांदे सोलू नकोस. देतेस की नाही ते सांग."

"देते. आधी तपासते."

छोटीचा चेहरा उतरला. "आईच्या हातचं तू तपासणार?" एवढंच म्हणाली आणि चहासुद्धा न घेता निघून गेली. ताईला वाईट वाटलं, पण त्या लाल गालांवर न तपासलेलं काही जाऊ देणं तिच्यानं होईना.

तिनं डबी टॉवेलात गुंडाळून कामावर नेली. खळीला धक्का न लावता कडेचं चिमूटभर क्रीम घेतलं, काचेच्या बशीत पसरलं आणि जंतू असले तर वाढावेत म्हणून बशी उबेच्या कपाटात ठेवली. कपाट मंद गुणगुणत होतं. खोलीभर गुलाबपाण्याचा वास रेंगाळत राहिला. दुपारी डोळा लागेलसं झालं तेव्हा तिला वाटलं, आई पलीकडे बसून घोटते आहे, पांढरं वर वर येतं आहे, खिडकीपर्यंत, छतापर्यंत, आणि कुणी बोलायचं नाही.

ठरलेल्या दिवशी तिनं कपाट उघडलं. बशी फुलून आली होती. पांढरे, सायीच्या रंगाचे, पिवळे ठिपके, आणि एका कडेला हिरवट मखमल.

"कुठला नमुना गं?" शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीनं विचारलं.

"घरचा."

"दिसतंय गोड. टाकून दे बाई."

ताई बशी उजेडात धरून बसली. हे आलं कुठून? गुलाबपाण्यातून असेल, आपण सतरांदा झाकण उघडलं त्यातून असेल. आणि काही त्या बोटावरून असेल. आईचं म्हणून जगात अजून जिवंत असं हेच उरलं असेल तर? तिला रडू फुटलं. तिनं ते आवरलंही नाही.

आता प्रिझर्व्हेटिव्ह घालून काही साधणार नव्हतं. ते बिघडलेलं सुधारत नाही, बिघडू देत नाही; आणि घालायचं तर सगळं ढवळायला हवं, म्हणजे खळी जाणार ती जाणारच. तिनं बशी आणि डबी, दोन्ही जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात ठेवली, झाकण आवळलं आणि दाब चढेपर्यंत जवळ उभी राहिली. दवाखान्यात आईपाशीही ती अशीच उभी होती.

सुट्टीच्या दिवशी तिनं घरी नवं क्रीम केलं. तोंडातून चकार शब्द न काढता. निवत आल्यावर बाळांना चालणारं प्रिझर्व्हेटिव्ह थेंब मोजून घातलं, आणि नमुना तपासून झाल्यावरच छोटीला बोलावलं.

छोटीनं डबी हुंगली. "आईचाच वास. ते केमिकल घातलंयस यात?"

"घातलंय. मोजून. जास्त झालं तर तेही झोंबतं, तुझी भीती अगदीच खोटी नाही. आधी हिच्या पायाला लावून बघ." मग तिनं बशीचं सगळं सांगितलं.

छोटीचे डोळे भरले. "म्हणजे आई आपल्याला घाण लावत होती?"

"नाही गं. ती ताजं करायची, आपण लगेच संपवायचो. तुझंच बरोबर होतं. ठेवून मी घालवलं."

छोटीनं डबीत डोकावून पाहिलं. वरचा थर सपाट होता. "खळी कुठंय?"

"नाही केली. धीर झाला नाही."

"बोट घातलं तर बिघडेल?"

"नाही. प्रिझर्व्हेटिव्ह बोटांसाठीच तर घालतात. रोज कुणीतरी बोट घालणारच, म्हणून."

छोटीनं पिटुकलीला खाली ठेवलं, ताईला नळापाशी नेऊन तिचे हात साबणानं धुतले, स्वच्छ पुसले. मग तिची तर्जनी धरून डबीच्या मधोमध दाबली आणि उचलली. खळी उमटली आणि तशीच राहिली. दोघी त्या खळीकडे बघत उभ्या होत्या. कुणीच काही बोललं नाही, फाटेल म्हणून.