बाटली धरणारी उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे, पण डोक्याखालची नव्हे हं! माझ्या पोटावर पट्टा आहे. त्यात दुधाची बाटली अडकवायची, मला बाळाच्या छातीवर ठेवायचं, की बाळ आपलं आपण दूध पितं. आईचे हात मोकळे!

दुकानात माझा तोरा काय सांगू! गाद्यासुद्धा उठून मला जागा द्यायच्या. थोरल्या जाऊबाईंनी आपल्या जुळ्या बाळांसाठी मला घरी आणलं. "ही उशी नव्हे, जुळ्यांची तिसरी आजी आहे," असं त्या येईल त्याला सांगायच्या. मी अशी फुगायचे, की शिवणी करकरायच्या.

पण एकदा धाकट्या जुळ्याचं पोट भरलं. त्याने मान फिरवायला बघितली, बाटली काही हटेना. दूध येतच राहिलं, ठसका लागला. जाऊबाई शेजारीच होत्या, त्यांनी झटकन उचललं. त्या विसरल्या. माझ्या कापसाला मात्र तेव्हापासून चैन नाही.

जुळी मोठी झाली. बाळाची वस्तू कुणी टाकतं का? मला धुऊन वरच्या मजल्यावर धाकट्या जावेकडे धाडलं.

आज सकाळी धाकटीने मला बाळावर ठेवलं आणि ती कपडे वाळत घालायला गेली. बाळाने मान वळवली. पुन्हा तेच! मला घरंगळायचं होतं हो, पण उशीला कुठले पाय? आत धाकटीचा फोन वाजून वाजून थांबला. बाळाच्या नाकातून दूध आलं.

इतक्यात थोरली साबणाच्या हातांनी धावत आली. मला भिरकावलं, बाळाला कुशीवर घेतलं. बाळाने असं भोकाड पसरलं, की गच्चीवरची कबुतरं अजून परतली नाहीत!

"काय झालं, जाऊबाई?" धाकटी धापा टाकत आली.

"अगं, मघाशी कंपनीचा निरोप आला. उशी वापरू नका, बाळ गुदमरतं, कापून टाका. मी म्हटलं, आपल्याकडे कुठे आहे आता! भांडी घासताना डोक्यात उजेड पडला, ती तर तुझ्याकडे! फोन केला, तू उचलेनास, तशी धावले."

धाकटीने बाळाला घट्ट धरलं. थोड्या वेळाने मला उचलून म्हणाली, "पण चांगली आहे हो अजून. कुणाच्या तरी कामी येईल."

"येईल ना! म्हणूनच कापायची. कात्री कुठंय?"

कात्री सापडत नाहीये. माझा सगळा जीव दाराकडे लागलाय, तेवढ्यात कुणी लेकुरवाळी मला मागायला येऊ नये! मित्रांनो, सगळ्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी विनवते, मला जपू नका. देऊ नका, ठेवू नका. कापा. आधी पट्टा.