गुडघ्यावरचं मेण

तिनं नवऱ्याची पँट खिडकीपाशी धरली आणि गुडघ्यावरचा पिवळट थर नखानं खरवडला. मेण. फरशीला चोपडतात ते. प्लंबर माणूस घरी यावा तर ओल्या गुडघ्यांनी. हे महाशय हल्ली रोज मेण घेऊन येत होते.

पायाशी बादलीत चर्चच्या वेदीवरची वस्त्रं भिजत होती. ती धुण्याचा मान वर्षानुवर्षं तिचा. साबण लावण्याआधीचं पाणी तिनं रिवाजाप्रमाणे गुलाबाच्या मुळाशी ओतलं. पवित्र भाकरीचा, म्हणजे प्रभूच्या शरीराचा, कण त्यात असलाच, तर तो गटारात जाता कामा नये.

मग ती आत आली.

"दुपारी कुठे होता?"

"कामावर. आणखी कुठे असणार?"

"तिथली फरशी मेणाची होती वाटतं."

तो टॉवेल शोधू लागला. टॉवेल त्याच्या खांद्यावरच होता.

मेण लावलेली फरशी तिला एकाच घरात ठाऊक होती, शाळेतल्या विधवा बाईंच्या. आणि त्यांचा नळ हल्ली जरा जास्तच गळत होता.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या मागोमाग निघाली. बाईंचं घर आलं नि मागे पडलं. तो चर्चच्या बाजूच्या दारानं आत शिरला. ज्याला रविवारीसुद्धा ओढून न्यावं लागे, तो आपणहून इथे? देवाच्या घरात भेटतात की काय मेले, या विचारानं तिचं डोकंच फिरलं.

तिनं दार लोटलं. आत दुसरं कुणी नव्हतं. तो शेवटच्या बाकामागे उघड्या फरशीवर गुडघे टेकून होता. त्या फरशीला मेण लावतात हे तिला कळायचं कसं? तिचे गुडघे कायम पुढच्या रांगेत, स्वतः शिवलेल्या मऊ उशीवर.

"मला प्रार्थना येत नाही," तो हळू आवाजात सांगत होता. "पण तिला तुझ्याकडून जे मिळतं ना, त्यातलं थोडं मलाही दे. फार तहान लागलीय."

ती दार धरून उभी राहिली. तिला सगळ्या प्रार्थना तोंडपाठ होत्या, आणि मिळालं मात्र कधीच काही नव्हतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, फादरनासुद्धा. तिला त्याचा हेवा वाटला. इतका, की त्यापेक्षा त्या बाई असत्या तर बरं, असंही क्षणभर मनात येऊन गेलं.

संध्याकाळी तिनं पँट धुवायला घेतली.

"रोज काय धुतेस गं? उद्या परत खराब होणार."

"होऊ दे."

तिनं पँट बादलीत बुडवली आणि दोन्ही गुडघे हातानं चोळले. साबण लावण्याआधी पँट पिळून बाजूला ठेवली. पाणी ओतायला ती मोरीपर्यंत गेली, थांबली, आणि बादली उचलून गुलाबाकडे वळली.