आतिकाची गच्ची

१९९६ च्या फेब्रुवारीत बहरीनमधल्या अदलिया वस्तीतल्या काही बंगल्यांच्या बागा एका समितीतर्फे मदतनिधीसाठी लोकांना पाहायला खुल्या होणार होत्या. जवळच्या मुहर्रक शहरातल्या आतिका परकारने आपल्या गच्चीचंही नाव दिलं. तिथे दूधपावडरच्या डब्यांत तिचे पिटुनिया नुकतेच फुलले होते.

“गच्चीला बाग म्हणत नाहीत,” समितीच्या बाई म्हणाल्या.

आतिकाने घरी येऊन दारावर स्वतःच ‘बाग वर आहे’ अशी पाटी लावली आणि गच्चीवर मदतीची पेटी ठेवली.

“लोक हसतील,” नवरा म्हणाला.

“हसू देत. पण तीन जिने चढून, फुलं बघून हसू देत.”

बागा खुल्या झाल्या त्या दिवशी दुपारपर्यंत कुणीच आलं नाही. तरी तिने पाटी काढली नाही. चारच्या सुमारास शेजारची बहरीनी म्हातारी चार सुनांना घेऊन धापा टाकत वर आली. मग गल्लीच लोटली.

संध्याकाळी आतिकाने भरलेली पेटी समितीच्या टेबलावर ठेवली.

“पावतीवर लिहा, परकारांची बाग.”

बाईंनी तसंच लिहिलं.