मायोट्रॅगसचा केक

आमच्या लहानपणी कवठे महांकाळात वाढदिवस म्हणजे औक्षण आणि वाटीभर शेवयाची खीर. खिरीला शिंगं नसायची, त्यामुळे घरात वाद व्हायचे नाहीत.

परवा माझी नात ब्राह्मी दहा वर्षांची झाली. सध्या तिला मायोट्रॅगसनं झपाटलंय. शेळ्या-मेंढ्यांच्या कुळातला हा बुटका प्राणी दूर समुद्रातल्या बेटांवर राहायचा, हजारो वर्षांपूर्वी नामशेष झाला. शेजारच्या शाझियानं खपून तसाच्या तसा बिनअंड्याचा, चॉकलेट आइस्क्रीमचा केक केला. शिंगं आखूड, डोळे माणसासारखे समोर. पाटासकट टेबलावर ठेवल्या ठेवल्या तो माझ्याकडेच रोखून बघायला लागला, थेट आमच्या कुपवाडच्या आत्याबाईंसारखा.

सून सुरेखानं सुरी आणली. मी म्हटलं, "थांब. प्राण्याच्या आकाराचं आपल्या जैनांत कापत नाहीत. मनानं मारलं तरी ते मारणंच."

"आई, हा आधीच मेलाय," माझा मुलगा अजितकुमार म्हणाला.

"मग पुन्हा कशाला मारतोस?"

"शेपटाकडनं सुरुवात करू?"

"म्हंजे त्याला कळणार न्हाई व्हय?" शाझिया फिस्सकन हसली.

मैत्रिणी कागदी टोप्या घालून ताटकळल्या होत्या. दिवस कलायला लागला होता आणि तो मावळल्यावर आमच्या घरात कुणी काही खात नाही. ब्राह्मीचे डोळे भरले. तरी माझ्यानं सुरीला हो म्हणवेना.

नाक पुसत ती म्हणाली, "आजी, माणसांनी मारून संपवला म्हणतात. पण काही शास्त्रज्ञ म्हणतात, हवामान बदललं म्हणून संपला."

आम्ही दोघींनी एकदमच अंगणाकडे पाहिलं. एप्रिलचं ऊन फरशीवर अजून तापत होतं.

"अजित, उचल तो पाट. बाहेर ठेव."

"आई, हे चालतं?" सुरेखानं विचारलं.

"बाहेर ठेवायला कुठं मनाई आहे?"

अजितकुमार टॉवेल घेऊन कावळे हाकत उभा राहिला. आधी शिंगं वाकली. मग नाक ओघळलं. शाझियानं ओढणीनं तोंड झाकलं, पण फटीतून बघत होती. "या अल्ला, कान गेला!" पोरी टाळ्या पिटायला लागल्या. पाय फाकले, पाठ खचली, आणि शेवटी पाटावर नुसता चॉकलेटी ढीग उरला.

"बघ गं, कोण आहे हा?" मी ब्राह्मीला विचारलं.

तिनं वाकून सगळीकडून तपासलं. "आता कुणीच नाही."

सूर्य बाभळीच्या शेंड्याला टेकला होता. मी डाव घेऊन भराभरा वाट्या भरल्या. पहिली ब्राह्मीला. ती खाली मान घालून खात सुटली, बोलायलाही थांबली नाही.

आपली वाटी घेताना शाझिया म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी मी चौकोनी केक करती. चौकोनाला जीव नसतो न्हवं? तेवढं आत्ताच सांगून ठेवा."