हळदीखाली बुजलेली लेक

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेली आहे. पेटीला कसला आलाय राग, म्हणून हसाल. हसा. पण आधी ऐका.

मूळची मी बंदुकीच्या गोळ्यांच्या खोक्याची फळी. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या कैद्यांच्या छावणीत एका जर्मन कैदी सुताराने मला घडवलं. झाकणावर त्याने आपल्या मुलखातला जुना ड्यूक, म्हणजे तिकडचा राजाच, कोरला. शेजारी राणी, दोन मुलगे आणि अगदी कडेला लेक. पहाऱ्यावरचे उंब्रजचे हवालदार आप्पासो त्याला आपल्यातली चपाती देत. छावणी उठली तेव्हा त्याने मला त्यांच्या हाती दिलं आणि खुणांनी, मोडक्या इंग्रजीत ड्यूकची गोष्ट सांगितली.

लुटोल्ड त्या ड्यूकचं नाव. तो सोळा वर्षांचा असताना बाप लढाईत पडला आणि तो गादीवर बसला. त्याने दहा किल्ले घेतले, म्हातारा झाला, मेला. त्याची माती होते न होते तोच मुलांनी राज्य वाटून घेतलं. बहिणीकडून 'मला काही नको' असा कागदावर शिक्का घेतला आणि तिला जोगिणींच्या मठात धाडलं. पुन्हा तिची कुणाला आठवण झाली नाही.

आप्पासोंनी, म्हणजे घरच्या आबांनी, ही गोष्ट पोरांना कितीदा तरी सांगितली. लालासाहेब आणि ज्ञानू हे दोघे मुलगे किल्ल्यांपुरते जागे असत. लेक विजयमाला मात्र विचारी, "आवं आबा, तिनं शिक्का दिलाच कशाला?"

"भावांची माया, पोरी. दुसरं काय?"

आबांची बायको बयाबाई. मुकुट दिसला की देव, एवढंच तिला ठाऊक! दर दसऱ्याला ती ड्यूकला हळदकुंकू वाही. वीस वर्षांत हळद कडेला साचत गेली आणि त्या लेकीचं तोंड बुजलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझा जीव तेव्हापासून जळतोय.

पासष्ट साली आबा गेले. विजयमाला तेव्हा पदरात मुलगी घेऊन विधवा, सासरी थारा नाही. विहिरीजवळचं रान आबांनी स्वतः घेतलेलं. नव्या कायद्याने त्यात तिचाही वाटा. तेराव्याचं जेवण उरकलं आणि लालासाहेबाने माझ्यावर हक्कसोडीचा कागद ठेवला, शेजारी साडीचोळी.

"सही कर, विजू. समद्याच भनी करत्यात. म्हायेर उघडं ऱ्हातंय."

उघडं राहतं म्हणे! किल्ली कुणाच्या कमरेला, ते का नाही सांगत मेले? पण पेटीला तोंड नसतं.

ती सहीला वाकली. डोळ्यांतलं पाणी झाकणावर पडलं. तिने ते पदराने पुसलं, तर हळद निघाली आणि कडेला एक नाक वर आलं. ती थांबली. नखाने खरवडत बसली. तोंड मोकळं झालं तेव्हा म्हणाली, "दादा, हिनं शिक्का दिला हुता. आबा सांगायचं, ध्यानात हाय न्हवं? मी न्हाई देत."

"मग म्हायेर तुटलं म्हण!" लालासाहेब ओरडला.

बयाबाई काठी टेकत आली, वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आगं बया! मीच बुजिवली व्हय गं हिला?"

मग तिने तो कागद स्वतःच्या हाताने फाडला.

विजयमालेला रानातला वाटा मिळाला, मीही मिळाले. त्या वर्षी भाऊबीजेला तिने दोन पाट मांडले. दिवेलागणीपर्यंत वाट बघितली. कुणी आलं नाही. आता सांगा, मी चिडू नको तर काय करू?

जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मला तेल लावू नका, मित्रांनो, फुलंही नकोत. पूजा करताना हळद कुणाच्या तोंडावर साचतेय, तेवढं बघा.